जाहीर आवाहन : तापाच्या दिवसांत मोबाईलवरच्या औषधांपासून सावध राहा



पावसाळ्यात डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि पाठोपाठ डेंग्यूचे मेसेजही. ‘पपईच्या पानांचा रस द्या, दोन दिवसांत प्लेटलेट दुप्पट!’ मामांकडून काकूंना, काकूंकडून सोसायटीच्या ग्रुपवर. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण भोगावे लागते ते रुग्णाला.

अंग ठणकते म्हणून घरातली आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी दिली, तर डेंग्यूत रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापावर पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेतच. बरेचदा खरा धोका ताप उतरताना सुरू होतो. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान अंग गार लागते, घरचे निर्धास्त होतात, श्रेय रसाला मिळते. नेमके तेव्हाच रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. पोटात जोराची कळ, न थांबणाऱ्या उलट्या, हिरड्यांतून वा नाकातून रक्त, कमालीची ग्लानी किंवा तगमग यांतले एक जरी लक्षण दिसले, तरी प्लेटलेटच्या आकड्याची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

म्हणून आमची कळकळीची विनंती :

१. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या मेसेजवर दोन बाण दिसले, तर तो पाच किंवा अधिक हातांतून फिरून आलेला आहे असे समजा. मूळ लिहिणारा कोण, तारीख कोणती, हे कळत नसेल तर तो तिथेच थांबवा.

२. गुगलवर शोधताना सर्वात वर ‘प्रायोजित’ असे लिहिलेले दुवे जाहिरातीचे असतात. आधी जागतिक आरोग्य संघटना, केंद्रीय आरोग्य मंत्रालय किंवा आपली महापालिका काय सांगते ते पाहा.

३. व्हिडिओतल्या ‘डॉक्टरां’ची नोंदणी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर तपासा.

४. मधुमेह, रक्तदाब, कर्करोग बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. अशी जाहिरात दिसल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा.

५. व्हिडिओ पाहून साखरेची किंवा बीपीची चालू गोळी बंद करू नका. वाचलेले टिपून ठेवा आणि डॉक्टरांना विचारा. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी रागावत नाहीत.

शंका असल्यास १०४ या आरोग्य सल्ला क्रमांकावर विचारा. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. ग्रुप अ‍ॅडमिननी औषधोपचाराचे निनावी मेसेज काढून टाकावेत. गणेश मंडळांनी आणि सोसायट्यांनी हे दोन्ही क्रमांक व वर दिलेली धोक्याची लक्षणे मोठ्या अक्षरांत आपल्या फलकावर लावावीत. ज्यांना मोबाईलवरचे वाचता येत नाही, अशा शेजारच्या आजी-आजोबांना ती वाचून दाखवावीत.

आपले नम्र,
परिसरातील डॉक्टर, औषध विक्रेते व आशा सेविका