हजेरी कोणाच्या वहीत?

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या सळईच्या कारखान्यात भंगाराच्या ढिगाजवळ तासभर उभं राहून पाहावं. ट्रकमधून उतरलेल्या मालात पत्रे असतात, सायकलीच्या रिमा असतात, मोटारींचे सुटे भाग असतात. त्यातच कधी दोन्ही तोंडं बंद असलेला शॉकॲब्सॉर्बर येतो, कधी पाणी साचलेला पाइपचा तुकडा. भट्टीतला रस 1,600 अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. त्यात पाणी सापडलं की क्षणात त्याची वाफ होते आणि तिला मूळच्या 1,600 पटींहून अधिक जागा लागते. मग रस उसळतो. चार्जिंग करणारी, म्हणजे भट्टीत भंगार टाकणारी माणसं तिथेच, काही हातांवर उभी असतात. भट्टीतल्या स्फोटाने काय होतं, हे जालन्याने ऑगस्ट 2024 मध्ये पाहिलं आहे; एका वेळी वीसहून अधिक कामगार जखमी झाले होते.

तो बंद तुकडा ढिगातून बाजूला कोण काढतो? बहुतेक ठिकाणी ठेकेदाराचा माणूस. त्याच्या टोळीचा हिशेब टनावर. हातातली वस्तू उलटीपालटी करून पाहण्यात वेळ गेला तर टन घटतात. ‘थांबा’ म्हणून ओरडला आणि हीट, म्हणजे भट्टीची एक खेप, लांबली तर मुकादमाचं ऐकून घ्यावं लागतं. तरीही तो ओरडेल का? मनुष्यबळ विभागात काम करणाऱ्या आपल्या सगळ्यांचा अभ्यास, प्रशिक्षणं, भिंतीवरचे सुरक्षेचे फलक शेवटी या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

अर्थशास्त्रज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी 1970 च्या पुस्तकात नाराज माणसासमोरच्या दोन वाटा सांगितल्या: निघून जाणं किंवा बोलणं. माणूस निघून जाण्याआधी बोलून पाहतो, तो निष्ठेमुळे. आपल्याकडे मात्र न बोलता टिकून राहणाऱ्याला निष्ठावान म्हणायची सवय आहे. अंबड, घनसावंगी, मंठ्याच्या गावांतून ऊसतोडीला जाणारी जोडपी त्याच मुकादमाकडे वर्षानुवर्षं जातात, कारण उचल फिटलेली नसते. त्याला कुणी निष्ठा म्हणणार नाही. मग पंधरा दिवसांची मजुरी ‘दाबून’ ठेवणाऱ्या ठेकेदाराकडची माणसं टिकतात, तेव्हा आपण आपल्या अहवालात ‘गळती कमी’ असं समाधानाने कसं लिहितो?

गळतीचा हिशेब मांडायला हेन्री फोर्डचा कारखाना अजूनही उपयोगी आहे. 1913 मध्ये सुमारे 14 हजार जागा भरलेल्या राहाव्यात म्हणून तिथे वर्षभरात 50 हजारांहून अधिक माणसं घ्यावी लागली. जानेवारी 1914 मध्ये रोज पाच डॉलर आणि आठ तासांची पाळी जाहीर झाली आणि गळती झपाट्याने उतरली. पण त्याच कंपनीची माणसं कामगारांच्या घरी जाऊन ते कसे राहतात, पैसा कशावर खर्च करतात याची तपासणीही करत. पगारासोबत संशय पाठवणारी ती रीत आपण उचलू नये, असं मला मनापासून वाटतं.

विश्वासाचं मोल समजायला आपल्याला दूर जायची गरजही नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये जालन्यात महिको ही बियाणे कंपनी सुरू केली आणि पुढे 1998 चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. या उद्योगाचा पाया भोवतालच्या शेतकऱ्यांच्या शेतात होणाऱ्या बीजोत्पादनाचा. संकरित कापसाच्या प्लॉटमध्ये बाई संध्याकाळी मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी हेरते, अंगठ्याच्या नखाने पाकळ्यांसकट पुंकेसर काढून टाकते आणि खूण बांधते. दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचे परागकण त्या उघड्या कुक्षीवर फिरवते. एक पुंकेसर नजरचुकीने राहिला तर ते बोंड पूर्ण संकरित राहत नाही, आणि त्या दिवशी ते कुणालाही दिसत नाही. बियाणं पेरून शुद्धता तपासतात तेव्हा कळतं. तोवर हंगाम गेलेला असतो. हजारो कळ्यांवर किती सुपरवायझर नेमणार? मान वाकवून काम करणाऱ्या त्या बाईला उन्हात पाणी मिळतं का, ठरलेली मजुरी ठरलेल्या दिवशी मिळते का, खूण चुकली तर ती न घाबरता सांगू शकते का, यावरच बियाण्याची शुद्धता अवलंबून राहते. बियाण्यात आणि भंगारात या बाबतीत काहीच फरक नाही. दोन्हीकडे हात मोजता येतात, लक्ष मोजता येत नाही.

आणि आता जे लिहायचं आहे ते जड आहे. 7 मे 2020 च्या संध्याकाळी जालन्यातल्या पोलाद कारखान्यात काम करणारी मध्य प्रदेशातली माणसं रुळांवरून चालत निघाली. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल, ही आशा. पहाटे करमाडजवळ थकून ती रुळांवरच झोपली आणि मालगाडीखाली 16 जण गेले. उमरिया आणि शहडोल जिल्ह्यांतले ते तरुण. कोरोनाची टाळेबंदी आपल्यापैकी कुणाच्या हातात नव्हती. पण त्या आठवड्यात आपापल्या कारखान्यामागच्या खोल्यांत किती माणसं आहेत, कुणाची मजुरी बाकी आहे, कुणाच्या घरी आजारपण आहे, हे किती व्यवस्थापकांना तोंडपाठ होतं? नावं ठेकेदाराच्या वहीत होती. आपल्याकडे होता तो फक्त आकडा.

ठेकेदाराने मजुरी थकवली तर ती देण्याची जबाबदारी 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यानेच मूळ मालकावर टाकली होती. कायद्याचा तो किमान भाग झाला. त्यापुढचं काम साधं आहे आणि ते याच महिन्यात सुरू करता येईल. ठेकेदाराच्या प्रत्येक माणसाचं नाव, गाव आणि घरचा फोन आपल्या वहीत उतरवा. मजुरी त्याच्या खात्यात, आपल्या देखत जाऊ द्या. भंगार निवडणाऱ्याला टनातून बाहेर काढून रोजाने पैसे द्या, आणि त्याने हीट थांबवली तर तुकडा बंद निघो वा मोकळा, त्याला बोल लावू नका. तुकडा मोकळा निघाल्यावर आपण काय बोलतो, हेच त्याच्या लक्षात राहतं.

या अंकापासून आम्ही एक मागणी करत आहोत. होळी आणि छठला गावी गेलेल्या आपल्या माणसांपैकी किती परतले, तो आकडा पाठवा. कारखान्याचं नाव न देता पुढच्या अंकात तो छापू. सोबत एवढंच कळवा, की हजेरीची वही आपल्याकडे कोणाच्या टेबलावर असते.