नांगर धरणारा मास्तर

राहुरीच्या कृषी विद्यापीठाला जोतीबांचं नाव. पण दोस्तांनो, १८८२ साली हंटर कमिशनपुढं जोतीबांनी मागितलं काय? मास्तर कुळवाड्यांतून घ्या, ज्याला नांगर धरायची लाज वाटणार नाही. आणि पगार १२ रुपयांच्या खाली नको! म्हणजे मास्तरकी हे काम. कामाला दाम.

आज? २००० पासून शाळेतला नवा मास्तर पहिली तीन वर्षं 'शिक्षणसेवक'. सेवक कुणाचा रे? पगाराला 'मानधन' म्हटलं की दाम कापायला मोकळे! मान घ्या न् उपाशी शिकवा.

याच विद्यापीठानं काढलेल्या उसाचं नाव 'फुले २६५'. तो तोडणाऱ्यांची पोरं ऐन शाळेच्या दिवसांत कोयत्यामागं फडात. त्यांच्या हजेरीपटावर कुणाचं नाव लावता?