सोने आणि आपट्याचे झाड

दसऱ्यास तुळजापुरी आईचे सीमोल्लंघन झाले, की सायंकाळी धाराशिव जिल्ह्यातील घरोघरी सोने लुटले जाते. हे सोने येते कोठून? आपट्याची झाडे ओरबाडून. आपटा न मिळाल्यास बिचाऱ्या कांचनालाही तोच प्रसाद!

प्राथमिक शाळेत मुले परिसराचे धडे गिरवितात, आवारात रोपे लावतात, कोठे पोषण आहारानंतर हात धुतलेले पाणी परसबागेस देतात. पर्जन्यछायेतील या मुलखात त्या पाण्याचे मोल आम्ही निराळे काय सांगावे? आणि तीच मुले सणाच्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या हाती मोडलेल्या फांद्या पाहतात. हा विसंवाद आम्हांस खटकतो.

कथेतील कौत्साने गुरुदक्षिणेपुरत्या चौदा कोटी मोहरा तेवढ्या घेतल्या. रघुराजा देत असताही अधिक एक नाही. आपण मात्र जुड्याच्या जुड्या आणतो आणि दुसऱ्या दिवशी त्या केरात टाकतो.

आमची विनंती एवढीच : यंदा देवापुढे एकच पान ठेवून थोरांस नमस्कार करावा, आणि येत्या मृगात गावच्या शाळेत एक आपटा लावावा. आपटा सावकाश वाढतो. तेव्हा उन्हाळ्याच्या सुटीत त्याला पाणी कोणत्या घराने घालावयाचे, हे आधीच ठरवावे.