कापलेल्या जाळ्याची फिल्म

गुजरातमधल्या वेरावळच्या किनाऱ्यावर त्याला 'बॅरल' म्हणत. हे नाव त्याच्या रूपावरून पडलेलं नव्हतं, त्याला मारण्याच्या साधनावरून पडलं होतं. अंगात मोठा लोखंडी गळ रुतवायचा, गळाच्या दोराला रिकामी पिंपं बांधायची. मासा खोल जाऊ पाही आणि पिंपं त्याला जाऊ देत नसत. दमला की ओढत किनाऱ्याला आणायचा. व्हेल शार्क हा जगातला सर्वांत मोठा मासा. चाळीस फुटांपर्यंत वाढणारा, तरी तोंड उघडून पाण्यातले सूक्ष्म जीव गाळून पोट भरणारा आणि माणसाच्या वाटेला न जाणारा. त्याच्या यकृताचं तेल होड्यांच्या लाकडाला चोपडलं जाई. पुढे मांसालाही परदेशात भाव आला आणि शिकार वाढली.

माईक पांडे यांनी हे सगळं कॅमेऱ्यात पकडलं. 'शोअर्स ऑफ सायलेन्स' हा त्यांचा माहितीपट २००० साली आला आणि त्याला 'ग्रीन ऑस्कर' म्हणून ओळखला जाणारा वाइल्डस्क्रीन महोत्सवाचा पुरस्कार मिळाला. २००१ मध्ये व्हेल शार्क वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेला, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. त्याआधी एकाही माशाला हा मान नव्हता. २००२ मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही निर्बंध आले. एका छोट्या चित्रपटामागोमाग दोन वर्षांत इतकं घडलं. समुद्रावरच्या माहितीपटांबद्दल बोलायचं तर सुरुवात इथून व्हायला हवी, आणि आपल्याकडे ती फारशी होत नाही.

आपल्या डोळ्यांपुढे येतात ते 'ब्लू प्लॅनेट'सारखे भव्य प्रकल्प. त्यांचं ऋण मोठं आहे. अंधाऱ्या तळाशी स्वतःचा उजेड घेऊन फिरणारे जीव, शिंपले अंगावर ओढून शार्कपासून लपणारा ऑक्टोपस, मेलेलं पिल्लू न सोडणारी पायलट व्हेल हे सारं घरबसल्या पाहायला मिळालेल्या पहिल्या पिढ्यांपैकी आपण आहोत. पण या मालिकांतला बहुतेक समुद्र निर्मनुष्य असतो. त्यात होडी नाही, जाळं नाही, घामाने भिजलेला खलाशी नाही. आवाजही बहुतेक वेळा तिथले नसतात. खेकड्याच्या पावलांची टिकटिक पुढे स्टुडिओत बसवलेली असते. ही फसवणूक आहे असं मी म्हणत नाही, माध्यमाची ती रीत आहे. मात्र अशा समुद्राकडे पाहून मन हळहळतं ते एखाद्या दूरच्या मंदिराबद्दल हळहळावं तसं. ताटातल्या सुरमईचा आणि पडद्यावरच्या त्या निळाईचा संबंध जुळतच नाही.

या मालिकांचे निवेदक डेव्हिड ॲटनबरो यांनाही ही उणीव जाणवली असावी. ८ मे २०२५ रोजी, त्यांच्या ९९व्या वाढदिवशी, त्यांचा 'ओशन' हा माहितीपट चित्रपटगृहांत आला. त्यात तळ खरवडत जाणारं ट्रॉलरचं जाळं पाण्याखालून दाखवलं आहे. साखळी पुढे सरकते, गाळाचे लोट उठतात, जे समोर येईल ते आत खेचलं जातं. आयुष्यभर सागराचं सौंदर्य दाखवलेल्या माणसाने अखेरीस जाळ्यावर कॅमेरा रोखला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. १९५६ च्या 'द सायलेंट वर्ल्ड'मध्येही माणसाचे हात दिसले होते. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या चमूने त्यात मासे मोजण्यासाठी प्रवाळावर सुरुंग उडवला आणि शार्क मारले, तेही कॅमेऱ्यासमोर. त्या चित्रपटाला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. आज तो भाग पाहवत नाही, पण तो कापून टाकलेला नाही म्हणूनच आपण किती बदललो हे कळतं.

वेरावळची गोष्ट मात्र कायद्यापाशी संपली नाही. नकळत जाळ्यात आलेला व्हेल शार्क सोडायचा तर जाळं कापावं लागतं, आणि जाळं म्हणजे त्या घराची कमाई. त्याचं काय, हे कायद्यात नव्हतं. २००४ मध्ये वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया, गुजरातचं वनखातं आणि टाटा केमिकल्स यांनी मोहीम काढली आणि रामकथाकार मोरारी बापूंनी किनाऱ्यावरच्या लोकांना साद घातली. हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, तिला कोण मारील? 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. माहेरवाशीण म्हणजे काय हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. तिथल्या मच्छीमारांनीही ते मनावर घेतलं आणि ते जाळी कापू लागले. भरपाई मिळू लागली, पण आधी वनखात्याच्या माणसाने समुद्रात येऊन पाहायचं आणि तोवर मासा जाळ्यात घुसमटायचा. म्हणून पुढे कॅमेरे मच्छीमारांच्याच हाती दिले गेले. तुम्हीच चित्रण करा, तोच पुरावा.

महाराष्ट्रातही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आहे. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखा संरक्षित जीव सोडताना जाळं फाटलं, तर वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सुटकेचे फोटो किंवा चित्रण जोडावं लागतं. म्हणजे पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या होड्यांवर समुद्री माहितीपट तयार होत आहेत. ते करणाऱ्यांना तसं कुणी सांगितलेलं नाही, इतकंच. हे चित्रण मिनिटभराचं, हलणारं, पाण्याच्या थेंबांनी डागाळलेलं असतं. पण त्यातला आवाज खरा असतो. इंजिन धडधडतं, तांडेल ओरडतो, सुरी दोरावर करकरते. आणि जाळं कापणारे हात दिसतात.

ही चित्रणं प्रस्तावाला जोडली जातात, रक्कम मंजूर होते आणि फाईल बंद होते. मला हे सहन होत नाही. ज्या किनाऱ्यावर पर्ससीन जाळ्यांच्या आणि एलईडी दिव्यांच्या मासेमारीवरून पारंपरिक मच्छीमारांना वर्षानुवर्षं भांडावं लागतं, तिथल्या समुद्राचा सर्वांत प्रामाणिक दस्तऐवज सरकारी कपाटात पडून राहावा? मच्छीमारांची संमती घेऊन, त्यांची नावं श्रेयनामावलीत घालून, त्यांच्याच आवाजातल्या मालवणी आणि कोळी बोलीच्या निवेदनासह या तुकड्यांचा एक चित्रपट करायला हवा. चित्रीकरणाचा खर्च तर झालेलाच आहे, तो कापलेल्या जाळ्यांच्या रूपाने त्यांनीच केला आहे. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात आणि माणसं घरी असतात. तेव्हा तो पहिल्यांदा बंदरावर दाखवावा. वाहिन्यांचा विचार मग करू. तांडेलाच्या शेजारी त्याची शाळकरी नात बसलेली असेल. पडद्यावर ठिपक्याठिपक्यांची अजस्र पाठ जाळ्यातून सुटून खाली खाली जाईल, आणि सुरी धरलेला हात कुणाचा हे ती लगेच ओळखेल.