कार्डावरचा ‘फुकट’ विमा



गेल्या रविवारी स्वाध्याय संपल्यावर आम्ही सहा-सात जणी मंदिरातच बसून बोलत होतो. आमच्यातली एक जण पुढच्या महिन्यात मुलाकडे अमेरिकेला निघाली आहे. भाजणीचं पीठ, मेतकूट, लसणाशिवायची शेंगदाण्याची चटणी, सगळी यादी तयार. मी विचारलं, “प्रवासाचा विमा काढलात का?” तर म्हणाली, “अहो ताई, ह्यांच्या क्रेडिट कार्डावर एक कोटीचा आहे की! फुकटात मिळतोय, मग वेगळा कशाला?” बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मी त्या दिवशी जरा तिखट बोलले. सूर चुकला असेल, पण मुद्दा सोडायला मी तयार नाही. म्हणून इथे लिहिते.

आधी माझीच चूक सांगते. काही वर्षांपूर्वी आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला गेलो होतो. आमचाही भरवसा असाच कार्डावर होता. तिसऱ्या आठवड्यात बाथरूममध्ये माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. इमर्जन्सी, एक्स-रे, प्लास्टर, पुन्हा हाडांचे डॉक्टर, असं करत बिल चार हजार डॉलरच्या वर गेलं. ह्यांनी बँकेला फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, तिकीट याच कार्डावर काढलं होतं का? नव्हतं, ते मुलाने काढलं होतं. कार्ड बाईंच्या नावावर आहे का? नाही, माझं ॲड-ऑन कार्ड. मग त्याने शांतपणे सांगितलं, की तसंही तो एक कोटीचा विमा विमान अपघातात मृत्यू आला तरच मिळतो. म्हणजे मी विमानासकट पडले असते तर एक कोटी, बाथरूममध्ये पडले तर शून्य!

पैसे मुलीने भरले. आम्ही परत आल्यावर पाठवले, पण तोवर जावयांच्या घरात बसून आमच्यासाठी झालेला खर्च पाहत होतो. जावई एक शब्द बोलले नाहीत. ते न बोलणंच मला जास्त लागलं.

आपण बायका दुकानात बिस्किटाच्या पुड्यावरचा हिरवा ठिपका पाहून थांबत नाही. पुडा उलटा करतो, चष्मा लावतो आणि मागे कांदा-लसूण आहे का, हे बारीक अक्षरांत शोधतो. मग कार्डाच्या पुढच्या बाजूचा ‘एक कोटी’ हा ठिपका पाहूनच समाधान का मानतो? पाणी गाळून पिणाऱ्या आपण, कागद मात्र न गाळता गिळतो.

मागची अक्षरं काय सांगतात? बहुतेक कार्डांवर मोठा आकडा असतो तो विमान अपघाती मृत्यूचा. सामान हरवलं, विमानाला उशीर झाला, यासाठी छोट्या रकमा असतात. त्याही अनेकदा तिकीट त्याच कार्डावर काढलं असेल तरच, किंवा ठरावीक दिवसांत कार्ड वापरलेलं असेल तरच. संरक्षण बहुधा मुख्य कार्डधारकाला. आणि आपल्या घरांत मुख्य कार्डधारक कोण असतो, हे मी सांगायला नको. शिवाय हा ग्रुप विमा असतो. विमा कंपनीशी करार बँकेचा, आपला नाही. बँकेने उद्या तो लाभ बंद केला, तर आपल्याला एखादा ईमेल येईल, तोही ह्यांना.

काही महागड्या कार्डांवर परदेशातल्या आजारपणाचा खर्चही असतो, हे मी नाकारत नाही. तसं असेल तर रक्कम किती, किती दिवसांच्या मुक्कामाला, किती वयापर्यंत आणि पत्नीला लागू आहे का, हे बँकेकडून लेखी घ्या. फोनवरचा ‘हो मॅडम’ चालणार नाही.

वेगळ्या प्रवास विम्यात पॉलिसी आपल्या स्वतःच्या नावावर असते. दवाखान्याचा खर्च डॉलरमध्ये मिळतो, मदतीसाठी चोवीस तास फोन असतो. घरचा आरोग्य विमा बहुधा भारतापुरताच चालतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नका. युरोपात शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण दाखवावंच लागतं, म्हणून तिथे जाताना आपण मुकाट्याने विमा काढतो. अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा तो मागत नाही, म्हणून तिथे गाफील राहतो. आणि दवाखान्याचं बिल जड येतं ते तिथेच!

हाही विमा डोळे झाकून घेऊ नका. साठीच्या पुढे अनेक पॉलिसींत प्रत्येक उपचाराला वेगळी मर्यादा घातलेली असते. आधीपासूनच्या आजारावरचा खर्च पुष्कळदा वगळलेला असतो, किंवा फक्त जिवावर बेतलं तरच मिळतो. हे विचारूनच हप्ता भरा.

आता एजंट म्हणतात, “बीपी-शुगर लिहू नका, हप्ता वाढेल.” बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं, की विमा हा परम सद्भावाचा करार आहे. माहिती लपवली तर दावा नाकारता येतो. पण त्याच्याही आधी आपण शिकलो आहोत, की खोटा लेख लिहिणं, म्हणजे कूटलेखक्रिया, हा सत्याणुव्रताचा अतिचार आहे. दशलक्षणात उत्तम सत्यावर प्रवचन ऐकायचं आणि फॉर्मवर ‘कोणताही आजार नाही’ असं लिहून खाली सही करायची, हे मला पटत नाही.

“काही झालं नाही तर हप्ता वाया जातो,” असंही म्हणतात. चोर आला नाही म्हणून कुलूप वाया गेलं, असं आपण म्हणतो का?

आणि शेवटचा, सगळ्यात लाडका युक्तिवाद: “कर्मात असेल ते होईल.” बायांनो, कर्मसिद्धांत म्हणजे नशिबावर हवाला नव्हे. मुनिमहाराज ईर्यासमिती पाळतात, चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकतात. ‘जीव मरायचा असेल तर मरेल’ असं म्हणून ते डोळे मिटून चालत नाहीत. कर्मबंधाच्या कारणांत प्रमाद सांगितला आहे, तो उगाच नाही. असातावेदनीयाचा उदय आला तर मनगट मोडेलच, ते सोसायची तयारी हवी. पण त्याचं बिल लेकीच्या संसारावर टाकणं हा कर्माचा उदय नव्हे, आपला निष्काळजीपणा आहे.

त्या मैत्रिणीने परवा फोन केला होता. ह्यांच्या कार्डाचे नियम दोघांनी मिळून वाचले म्हणाली. मुक्काम पाच महिन्यांचा, आणि त्या यादीत तिचं नाव कुठेच नाही. विमा ती निघण्याआधी काढते आहे, फॉर्मवर थायरॉईड आणि बीपी लिहून.

रविवारचं माझं बोलणं कुणाला लागलं असेल तर उत्तम क्षमा. पण कार्डाचा कागद आज काढून वाचाच.