मोजपट्टी आणि नजर

मराठीतून शिकवल्या जाणाऱ्या शैक्षणिक मानसशास्त्रात प्राणी पुष्कळ आहेत आणि मुले फार थोडी, ही आमची जुनी तक्रार आहे. बी.एड. किंवा डी.एल.एड.च्या कोणत्याही प्रचलित पाठ्यपुस्तकातले अध्ययनाचे प्रकरण उघडावे. थॉर्नडाइकची मांजर पेटीतून सुटते, पाव्हलॉव्हच्या कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते, कोहलरचा सुलतान नावाचा चिंपांझी काठीला काठी जोडून केळे मिळवतो, स्किनरचा उंदीर कळ दाबतो. शेवटी ‘शैक्षणिक उपयोजन’ या मथळ्याखाली पाच मुद्दे येतात. ते पाठ करून उत्तीर्ण झालेला शिक्षक शिक्रापूरसारख्या गावी रुजू होतो. पुणे-अहिल्यानगर रस्त्याला चाकणचा रस्ता मिळतो ते हे गाव. सणसवाडी-रांजणगावच्या कारखान्यांमुळे दूरदूरची कुटुंबे या परिसरात येऊन राहिली आहेत. घरी एक भाषा आणि शाळेत दुसरी, असे मूल समोर बसले की त्या पाच मुद्द्यांतला एकही शिक्षकाच्या उपयोगी पडत नाही.

हे केवळ पाठ्यपुस्तकाच्या आळसामुळे घडते असे आम्हांस वाटत नाही. या शास्त्राचा इतिहास आपण कसा सांगतो, याच्याशी त्याचा संबंध आहे. मुलाकडे जाण्याच्या दोन वाटा या शास्त्रात पहिल्यापासून आहेत : मुलाला मोजणे आणि मुलाला पाहणे. मराठी मुलखात दोन्ही वाटांनी भरीव काम झाले. पुढे पहिलीचे विकृत रूप व्यवहारात शिल्लक राहिले आणि दुसरी चरित्रपर धड्यांत जमा झाली.

मोजण्याची वाट पाहू. पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने आणि थेओडोर सिमों यांनी १९०५ साली पहिली बुद्धिमापन श्रेणी सिद्ध केली, तिचा हेतू मर्यादित होता. नेहमीच्या वर्गात ज्यांना झेपत नाही अशी मुले ओळखावीत आणि त्यांना वेगळी मदत द्यावी, एवढाच. बुद्धी ही जन्मतः ठरलेली, न बदलणारी मात्रा आहे, या मताला बिनेने १९०९ साली स्पष्ट विरोध केला होता. अमेरिकेत गॉडार्ड आणि टर्मन यांच्या हातात तीच श्रेणी निवडीचे, वगळण्याचे साधन झाली. आपल्याकडे व्ही. व्ही. कामत यांनी कन्नड आणि मराठी मुलांसाठी बिनेच्या चाचण्यांचे रूपांतर केले. त्यांचे इंग्रजी पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. परक्या मुलांसाठी रचलेला प्रश्न नुसता भाषांतरित करून भागत नाही, तो इथल्या मुलांवर पुन्हा तपासून घ्यावा लागतो, ही त्यांच्या कामातली दृष्टी आजही शिकण्याजोगी आहे. त्या दृष्टीचे पुढे काय झाले? शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ असा विषयच आहे. त्याची मार्गदर्शके आहेत, सराव प्रश्नसंच आहेत, जादा तास आहेत. जी गोष्ट मुलाची मूळ क्षमता दाखवते असे मानायचे, तिचीच घोकंपट्टी करून घ्यायची, आणि गुणवत्ता यादीत किती मुले आली यावरून शाळा जोखायची! ज्या मुलासाठी बिनेने हे सारे मांडले, ते मागे पडणारे मूल या हिशेबात कुठेच येत नाही.

आता दुसरी वाट. जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, ते आपण सामाजिक इतिहासात वाचतो. शिक्षक शेतकरी वर्गातून यावेत, मुलांमध्ये मोकळेपणाने मिसळून त्यांच्या गरजा जाणणारे असावेत, असा आग्रह त्यात आहे. शिक्षक आणि मूल यांच्यातले सामाजिक अंतर शिकण्याच्या आड येते, हे मानसशास्त्रीय विधान नाही तर काय आहे? ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम करून महाराष्ट्रात आल्या, १९४५ साली बोर्डीला गेल्या आणि १९५७ साली कोसबाडला. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली गेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. माँटेसोरीच्या महागड्या साधनांच्या जागी बिया, शिंपले, खडे आणि पाने आली. १९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेने ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर नेला. त्यामागची नजर मात्र कोसबाडच्या टेकडीवरच राहिली.

यावर ठरलेला आक्षेप येतो : कोसबाडला नियंत्रित प्रयोग नव्हता, आकडे नव्हते, ती समाजसेवा होती, शास्त्र नव्हे. आक्षेपात तथ्य आहे. नुसत्या निरीक्षणाला हळवेपणाचा धोका असतो आणि मोजमापाची शिस्त त्याला आवर घालते, हे आम्ही नाकारत नाही. पण मग पियाजेचे काय करायचे? स्वतःच्या तीन मुलांची निरीक्षणे हा त्याच्या काही प्रमुख ग्रंथांचा पाया आहे आणि पाठ्यपुस्तकात त्याला मानाचे पान आहे. तरुणपणी पॅरिसमध्ये तो तर्कचाचण्यांच्या प्रमाणीकरणाचे काम करीत होता. तिथे बरोबर उत्तरांच्या संख्येपेक्षा मुलांची चुकीची उत्तरे त्याला अधिक महत्त्वाची वाटू लागली आणि त्यातून त्याचे पुढचे काम निघाले. म्हणजे मोजपट्टी हातात असतानाही नजर शाबूत ठेवता येते. जिनिव्हातल्या तीन मुलांना जे शास्त्रीय मोल मिळते, ते कोसबाडच्या मुलांना का मिळू नये, याचे उत्तर आक्षेप घेणाऱ्यांनी द्यावे.

हा प्रश्न जुना झालेला नाही, हे शिक्रापूरचीच वाबळेवाडी सांगते. या वाडीवरची जिल्हा परिषदेची शाळा गेल्या दशकात राज्यभर गाजली आणि २०१८ साली स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळाशी जोडली गेली. ते मंडळही पुढे गुंडाळले गेले. शाळेविषयी जे लिहिले गेले त्यात काचेच्या भिंती होत्या, टॅब होते, प्रवेशासाठीची प्रतीक्षायादी होती, नंतर वाद होते. पण ज्याला एखादा विषय चांगला समजला आहे त्या मुलाने ‘विषयमित्र’ होऊन इतरांना शिकवायचे, ही तिथली रीत खरोखर अभ्यासायची गोष्ट होती. समजावून सांगताना मूल कोणते शब्द वापरते, शिक्षकाचे न कळलेले सोबत्याकडून का कळते, आणि जे मूल कधीच कोणाचे ‘मित्र’ होत नाही त्याच्या मनात काय चालते? व्हिगॉट्स्कीवर टिपणे लिहिणाऱ्या आमच्या अध्यापक महाविद्यालयांना ही प्रयोगशाळा हाकेच्या अंतरावर होती. तरीही बोलबाला भिंतींचा आणि यादीचाच झाला.

साहित्याच्या वाचकांपुढे हे मांडण्याचे कारण आहे. अनुताईंचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आपण आत्मचरित्राच्या फडताळात ठेवतो आणि ध्येयवादाबद्दल दोन वाक्ये लिहून मोकळे होतो. ते निरीक्षणाचे गद्य म्हणून वाचायचे काम साहित्याच्या विभागांचे आहे, आणि ते मानसशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत घालण्याचे काम शिक्षणशास्त्राच्या विभागांचे. मराठी शिक्षकांसाठीचे ‘मराठी शालापत्रक’ १८६१ साली निघाले, लाइपझिगमध्ये वुंटची प्रयोगशाळा उघडण्याच्या अठरा वर्षे आधी. आपल्या भाषेत आपल्या मुलांविषयी लिहिण्याची सवय आपल्याला नवी नाही.

आमची मागणी साधी आहे. पाठ्यपुस्तकातली मांजर राहू द्यावी. पण सराव पाठांच्या काळात प्रत्येक भावी शिक्षकाने एका मुलाकडे महिनाभर नीट पाहावे, त्याची चुकीची उत्तरे शब्दशः टिपून ठेवावीत, आणि त्या वहीला लेखी परीक्षेइतकेच गुण असावेत. हे होईपर्यंत शिक्रापूरच्या वर्गात मागच्या बाकावर बसलेले मूल बुद्धिमत्ता चाचणीत कमी गुण मिळवीत राहील, आणि त्याने तेच उत्तर का दिले हे त्याला कोणी विचारणार नाही.