नॉर्मल एमआरआयने प्रश्न मिटत नाही

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. स्टेशनाबाहेर पडलं की एमआरआय सेंटरची पाटी दिसतेच. चांगली शिकणारी मुलगी आठवड्याभरात असंबद्ध बोलू लागली, तिची झोप उडाली, की घरचे डोक्याचा एमआरआय काढून आणतात. रिपोर्ट नॉर्मल येतो आणि निदान ठरून जातं: मेंदूत काही नाही, परीक्षेचं टेन्शन आहे. कुणी म्हणतं, बाहेरचं आहे.

या निष्कर्षाला आधार नाही. न्यूरोलॉजिस्ट होसेप दालमाऊ यांनी २००७ मध्ये वर्णन केलेल्या एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस या मेंदूच्या सुजेच्या आजारात शरीराचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या रिसेप्टरना चिकटतात आणि ते पेशींच्या पृष्ठभागावरून नाहीसे होतात. काम बिघडतं, पण पेशी बहुधा शाबूत राहतात. मग चित्रात दिसणार काय? २०१३ च्या ५७७ रुग्णांच्या अभ्यासात एमआरआयमध्ये दोष आढळला तो जेमतेम एक तृतीयांश जणांत. ईईजी मात्र दहातल्या नऊ जणांचा बिघडलेला होता.

मग एमआरआय काढायचाच कशाला, असं विचारणाऱ्यांशीही माझं भांडण आहे. हर्पीजचा मेंदूज्वर, गाठ, रक्ताची गुठळी यांचा माग तिथेच लागतो. टीबीचाही, आणि मुंबईसारख्या शहरात या आजारावर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधं सुरू करण्याआधी टीबीचा विचार केलाच पाहिजे. लिंबिक एन्सेफलायटिसमध्ये तर दोन्ही टेम्पोरल लोबच्या आतल्या भागांत दिसणारा बदल निदानाचा कणाच असतो. एमआरआय स्वच्छ असताना कधी कधी पेट स्कॅन बिघाड दाखवतो.

पण अशा ऑटोइम्यून एन्सेफलायटिसचे २०१६ चे आंतरराष्ट्रीय निकष पाहा. तीन महिन्यांच्या आत बळावलेला स्मृतीचा, भानाचा किंवा मनाचा बिघाड. त्याला नव्याने आलेली फिट, मेंदूच्या एखाद्या भागाची नवी लक्षणं, पाठीच्या पाण्यात वाढलेल्या पेशी किंवा एमआरआयमधला बदल, यांपैकी एकाची जोड मिळाली आणि इतर कारणं वगळली, की संशय पुरेसा ठरतो. चारांतला एमआरआय हा एक.

पाठीतलं पाणी काढलं की पाय जातात, ही भीती घरोघरी आहे. सुई कंबरेत टोचतात, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. तरीही नातेवाईक सही करत नाहीत आणि दिवस वाया जातात. प्रतिपिंडांचा रिपोर्ट यायला वेळ लागतो. संशय भक्कम असेल तर तोवर उपचार थांबवू नयेत, कारण लवकर उपचार मिळालेले रुग्ण अधिक चांगले सावरतात.

आणि तरुण मुलीच्या बाबतीत पोटाची तपासणी राहून जाऊ नये. एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिसचं मूळ कधी कधी बीजांडकोशातल्या टेराटोमा नावाच्या गाठीत असतं, आणि ती गाठ काढणं हाही उपचाराचाच भाग आहे.